तुम्हाला उचलतं कोण?

वृद्धनिवास, वरचा मजला
४ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नका. मागच्या खेपेला फोनवर मी म्हणाले, "माझं मांडीचं हाड जुळलं," तर तुम्ही म्हणालात, "अरे वा, कोणाचं जुळलं? मुलगा काय करतो?" तेव्हाच ठरवलं, आता तुमच्या कानांना त्रास द्यायचा नाही, डोळ्यांना द्यायचा.

तर मी इथे छान रुळले. वृद्धाश्रम म्हणू नका हं, पाटीवर 'निवास' लिहिलंय. माझा मुलगा आणि तुमची मुलगी मला सोडून निघाले, तेव्हा दोघांचे चेहरे इतके उतरले होते की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. अहो, दोघं दिवसभर नोकरीवर, घर बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावर, आणि मी ही अशी. इथे यायचं मीच ठरवलं. तुमची मुलगी गुणी आहे, हे आता लेखी घ्या. तोंडी मागू नका, मिळणार नाही.

खोलीत आम्ही दोघी. दुसऱ्या बाईंनी जन्मभर शिवणकाम केलंय. अंगानं बारीक, डोकं तेवढं टपोरं, आणि बोलल्या की टोचतात. मी त्यांना 'टाचणी' म्हणते. त्या मला काय म्हणतात ते मी अजून विचारलेलं नाही.

आणि आमची सेविका! अंगानं एवढीशी, पण पायांना चाकं लावल्यासारखी पळते. सगळा मजला तिला खारूताई म्हणतो. माझं वजन तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या फोटोत मी निम्मी खुर्चीबाहेर आहे. पण ही मुलगी मला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात अशी उचलून ठेवते, की विहीणबाई, फूल! या वयात कोणी आपल्याला फुलासारखं उचलावं, हे भाग्यच की.

इथे उचलायचं एक यंत्रही आहे. कोपऱ्यातल्या खोलीत चादर पांघरून उभं असतं. लोखंडी हात आणि त्याला झोळी. गॅरेजमध्ये इंजिन लटकवतात ना, तसं माणसाला लटकवायचं. आल्या दिवशीच व्यवस्थापकांनी विचारलं, "यंत्रानं उचललं तर चालेल ना?" मी म्हटलं, "नाटकगृहाच्या तिकीट खिडकीवर आयुष्य काढलंय मी. लोक माझ्यापुढे रांगा लावायचे. मी काय मोटारीचं इंजिन आहे?" त्यांनी लगेच एक कागद पुढे केला. 'यंत्र नको' म्हणून मी झोकात सही ठोकली.

व्यवस्थापक माणूस बरा आहे. इतकं अत्तर लावतात की आधी वास येतो आणि मग ते येतात.

तुमच्याकडे काय? तुमचे 'हे' कसे आहेत?

तुमची,
मुलाकडची विहीण


११ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र पोचलं. मुलीबद्दलचं वाक्य कापून ठेवलंय. पुढेमागे लागेल.

कानांचं म्हणाल, तर मला हवं ते ऐकू येतं.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. 'फूल' आलं तेव्हा हसले. पक्षाघातापासून तोंड अर्धंच हसतं, पण ते अर्धं पूर्ण मनापासून असतं. आता बरे आहेत. घरातल्या घरात चालतात.

एक विचारते. तुम्हाला उचलतं कोण, ते कळलं. तिला हात कोण लावतं, ते कळलं नाही. एकटीच उचलते का? तुम्हाला खुर्चीत ठेवल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहते का? जिना उतरताना भिंत धरते का? बघा आणि कळवा.

टाचणीबाईंना माझा नमस्कार. त्या तुम्हाला काय म्हणतात, तेही कळवा.

तुमची,
मुलीकडची विहीण


१९ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मला परीक्षेला बसल्यासारखं झालं. मी एवढं आनंदानं लिहावं आणि तुम्ही माझ्याच सेविकेची उलटतपासणी घ्यावी? तुमचंही बरोबर आहे म्हणा. तुम्ही तिकडे घरकामात बुडालेल्या आणि मी इथे गादीवर बसून चहा पितेय. थोडं झोंबणारच. मी मनावर घेत नाही.

तरी पाहिलं. नाही पाहिलं, असं म्हणायला नको.

एकटीच उचलते. खरं तर वरच्या मजल्यावर दोघी हव्यात. पण खालच्या मजल्यावरची एक काम सोडून गेली, त्यामुळे आमच्यातली दुसरी सगळा वेळ खाली धावत असते. आमच्या दारासमोरच्या भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत पाटी आहे, 'उचलताना दोन माणसं आवश्यक.' त्या पाटीखालीच खारूताई मला एकटी उचलते.

कमरेवर हात? ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही आजी, झोपेत अवघडली." दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही झोपेतच अवघडली होती.

जिना मला इथून दिसत नाही. टाचणी फिरत्या आहेत, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "भिंत धरते आणि मधल्या पायरीवर थांबते. तुम्हाला हे आज सुचलं होय?" अशा टोचतात. त्या मला 'महाराणी' म्हणतात, हेही त्यातच समजलं.

पण विहीणबाई, मुलगी तरणी आहे. कामाची सवय आहे तिला. आणि इतक्या मायेनं उचलते की 'दोघी या' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही मात्र उंटावरून शेळ्या हाकू नका. तुमचा स्वभाव इतका नम्र, आणि पत्रात असा फौजदारी सूर! मुलांच्या लग्नात तुम्ही लहानथोरांपुढे वाकून वाकून चालत होता. आमच्या नातेवाइकांत मी सगळीकडे सांगितलं होतं, बाई काय विनयशील आहेत म्हणून.

असो. सूप इथे जरा पाणचट असतं, तेवढी एकच तक्रार.

तुमची,
महाराणी


२७ मार्च

विहीणबाई,

मी विनयशील नाही. लग्नात वाकून चालत होते, कारण मला सरळ होता येत नव्हतं. तुम्ही सगळीकडे सांगितलंत हे आज कळलं. इतक्या वर्षांनी इतकं हसले की ह्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी.

आता खरं सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी तरणी होते. कामाची सवय होती. अगदी हेच शब्द घरातले सगळे म्हणायचे. सासूबाई चांगल्या होत्या हो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सून मला कापसासारखी उचलते." मला ते फार आवडायचं. मग कोणी मदतीला आलं तरी मीच म्हणायची, "राहू द्या, मला जमतं." त्यांना दुसऱ्याचा हात नको असायचा आणि मला माझं कौतुक हवं असायचं. दोघींची जोडी छान जमली.

पाठ एकदम जात नाही. आधी कुरकुरते, मग रुसते, आणि एक दिवस बोलणंच टाकते. माझी गेली तेव्हा मी साधी खाली पडलेली उशी उचलत होते. सासूबाई पलंगावर आणि मी जमिनीवर, दोघी आडव्या. त्या वरून विचारत होत्या, "काय गं, सापडली का उशी?"

यंत्र माणसाला लटकवतं, हे मान्य. पण तुम्ही फूल व्हायचं म्हटलंत, तर ते कोणाच्या पाठीवर, एवढं बघा. हे मी झोंबलं म्हणून लिहीत नाही.

रागावलात तरी चालेल. लिहा मात्र.

तुमची,
अविनयशील विहीण


१५ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. माझं हाड ठीक आहे. हवा बरी आहे. खारूताई सध्या रजेवर आहे, तिच्या जागी कोणी ना कोणी येतं. टाचणींनी नमस्कार सांगितलाय. बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
विहीण


२० एप्रिल

विहीणबाई,

हे पत्र तुम्हीच लिहिलंय ना? दोनदा वाचलं. त्यात मला एकही टोमणा नाही. उलट 'तब्येतीला जपा' आहे. सूपसुद्धा नाही. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बाई आजारी आहेत, नाहीतर कोणीतरी गेलंय."

काय झालं ते सांगा. मी तुमच्या मुलाला आणि माझ्या मुलीला काही बोलणार नाही. तुमच्यावर रागावणारही नाही. आणि रागावलेच तर ते पत्रातून चार दिवसांनी पोचेल, तोवर तुम्ही सावरलेल्या असाल.

ह्यांना आत्ताच खुर्चीत बसवून लिहायला बसलेय. कमरेत उसण भरलीये, म्हणून थोडक्यात आवरते.

तुमची विहीण


२६ एप्रिल

विहीणबाई,

तुम्ही फौजदारच व्हायला हवं होतं.

कोणी गेलेलं नाही आणि मी धडधाकट आहे. पण मला लिहायची लाज वाटत होती. तिकीट खिडकीत बसून मी हजारो लोकांना 'रांगेत या' म्हणून खडसावलंय. इथे मात्र मीच रांग मोडली.

त्या दिवशी खालच्या दिवाणखान्यात गाण्याचा कार्यक्रम होता. मला न्हाणीघरात जाऊन, आवरून पुढची जागा धरायची होती. खारूताई समोरच्या खोलीत कोणाला तरी भरवत होती. मी घंटा वाजवली. ती म्हणाली, "आलेच आजी." मी पुन्हा वाजवली. पुन्हा वाजवली. ती धावत आली. म्हणाली, "आजी, जरा थांबा ना, खालून दुसरीला बोलावते. आज पाठ बरी नाही." आणि विहीणबाई, तुमचं पत्र माझ्या उशीखाली असताना मी तिला म्हटलं, "अगं, तू तर मला फुलासारखी उचलतेस! दुसरीचा हात मला नको."

तिनं उचललं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी मला तिच्या पाठीतून 'कट्' असा आवाज ऐकू आला. मी कानानं ऐकला. माझे कान तुमच्यासारखे नाहीत, हे दुर्दैव. ती कळवळली, तरी मला सोडलं नाही तिनं. मला धरूनच हळूहळू खाली बसत गेली. शेवटी ती जमिनीवर आणि मी तिच्यावर. मला साधं खरचटलंही नाही. लागणार कसं? मी गादीवर पडले होते.

ती खालून विचारतेय, "आजी, तुम्हाला लागलं नाही ना?" टाचणींनी आरडाओरडा करून माणसं जमवली. मला चौघांनी उचललं. चौघांनी! तेव्हा कुठे मला माझं वजन कळलं.

पुढचं ऐका. व्यवस्थापकांनी तिच्याकडून लिहून घेतलं की नियम असताना तिनं एकटीनं उचललं, म्हणून चूक तिचीच. बिनपगारी रजेवर घरी पाठवलंय. विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिथे ठरणार, ठेवायचं की काढायचं. मी त्यांना म्हटलं, "अहो, पण दुसरी होती कुठे?" तर मान हलवून म्हणाले, "मलाही कळतं हो आजी, पण माणसंच मिळत नाहीत." "मग यंत्र?" "तुम्हीच नको म्हणून सही केलीत ना? आणि त्याची बॅटरीही बंद पडलीये. कोणी मागतच नाही म्हटल्यावर..." एवढं बोलून ते निघून गेले. अत्तराचा वास बराच वेळ खोलीत होता.

आता मला काय करता येईल, ते सुचत नाहीये. विनंती अर्ज करू? रडून दाखवू? तुम्ही सुचवा.

आणि हो, एक राहिलंच. तुमचं शेवटचं पत्र मीही दोनदा वाचलं. तुमचे 'हे' जर घरातल्या घरात चालतात, तर त्यांना खुर्चीत 'बसवून' लिहायला बसावं का लागलं? तुमच्या कमरेत उसण का भरली? विहीणबाई, त्यांना उचलतं कोण?

तुमची विहीण


२ मे

विहीणबाई,

पकडलंत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हे चालत नाहीत. मीच उचलते. मुलीला कळू नये म्हणून तुम्हालाही खोटं लिहिलं. आमचा मुलगा शेजारच्याच खोलीत काम करत असतो. त्याला कधी हाक मारली नाही. सवयच लागली ना, 'राहू द्या, मला जमतं.' तो बघत नव्हता आणि मी दाखवत नव्हते.

तुमचं पत्र वाचून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी तुला किती महिने सांगतोय, त्याला बोलाव म्हणून. तुला ऐकूच येत नाही." मी म्हटलं ना, मला हवं तेच ऐकू येतं.

काल मुलाला हाक मारली. त्यानं बापाला उचलायला हात घातला आणि पहिल्याच झटक्यात त्याचा चेहरा असा झाला, की मला हसावं की रडावं कळेना. "आई, हे तू रोज करतेस?" म्हणाला. आता सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं मिळून करतो. तुम्हाला काही युक्ती माहीत असेल तर कळवा. तुमच्याकडे व्यायाम करून घ्यायला डॉक्टरीणबाई येतात ना, त्यांना विचारा.

आता तुमचं. अर्ज नको आणि रडणंही नको. रडणाऱ्या बाईला लोक रुमाल देतात आणि घरी जातात.

'उचलताना दोन माणसं आवश्यक' ही पाटी त्यांनीच लावलीये ना? मग ती पाळा. आपण नियमाच्या बाहेर जायचं नाही. दोन माणसं आल्याशिवाय उठायचं नाही, एवढंच. नम्रपणे. माझ्यासारखं.

पण आधी तिथल्या सेविकांना विचारा. तुमच्या चांगुलपणाचा भार त्यांच्यावर पडायला नको.

तुमची,
विहीण


१७ मे

विहीणबाई, विहीणबाई,

बसा. बसूनच वाचा. शक्य असेल तर तुमच्या 'ह्यांना'ही मोठ्यानं वाचून दाखवा.

मी आधी उरलेल्या सेविकांना विचारलं. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "आजी, तुम्ही खुशाल झोपून राहा. आमचं नाव तेवढं घेऊ नका." मग टाचणींना कामाला लावलं. त्या खोल्याखोल्यांतून चहाचा कप हातात घेऊन हिंडल्या आणि सगळ्यांना टोचून आल्या. ज्यांना खरंच थांबून चालणार नव्हतं, त्यांना यातून वगळलं. बाकी सगळे तयार झाले. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना तर इतका आनंद झाला! म्हणाले, "मी आयुष्यात मुलांना 'उठा' सांगत आलो. आता मला कोणीतरी 'उठा' सांगणार आणि मी उठणार नाही!"

सोमवारी सकाळी एकही जण उठला नाही. सेविका दारात आली की प्रत्येक जण गोड आवाजात म्हणायचा, "दुसरी कुठेय गं? नाही? मग राहू दे, सावकाश येऊ दे." नाश्त्याची वेळ गेली. भोजनघर ओस पडलं. गार झालेलं सूप भांड्यात तसंच राहिलं. त्याला पहिल्यांदाच कोणी नावं ठेवली नाहीत.

मग अत्तराचा वास आला आणि पाठोपाठ व्यवस्थापक आले. हसत म्हणाले, "काय आजी, आज काय बेत?" मी म्हटलं, "बेत कसला? तुमचा नियम पाळतोय." समोरच्या खोलीतून मुख्याध्यापकांनी वर्गात म्हणून घेतात तशी पाटी खणखणीत आवाजात म्हटली, "उचलताना! दोन! माणसं! आवश्यक!" आणि सगळा मजला त्यांच्यामागून म्हणाला. अहो, ज्यांना आपल्या मुलांची नावं आठवत नाहीत, त्यांनाही ती पाटी पाठ झाली.

व्यवस्थापक चिडले नाहीत, हे सांगायला हवं. वळून पाटी स्वतःही एकदा वाचली. मग कोट काढून दाराला अडकवला आणि खालून हिशेबनीसाला बोलावलं. म्हणाले, "दोन माणसंच हवीत ना? हे घ्या दोन." मी म्हटलं, "या. पण घाई नको, मी फूल नाहीये." त्यांना ते कळलं नाही.

एकानं खांदे धरले, एकानं पाय. "एक, दोन, तीन!" मी जरा वर गेले आणि आहे तिथेच परत आले. पुन्हा "एक, दोन, तीन!" या खेपेला मी खुर्चीत पोचले, पण व्यवस्थापक माझ्यासमोर वाकलेलेच राहिले. मला वाटलं, नमस्कार करताहेत. मी आशीर्वादही दिला. तर खालून बारीक आवाज आला, "आजी, मला सरळ होता येत नाहीये."

टाचणींनी त्यांना धरून माझ्याच पलंगावर आडवं केलं. त्यांनी पलंग असा अडवून टाकला होता की दुपारपर्यंत मला परत तिथे नेऊन ठेवायचा प्रश्नच आला नाही. छताकडे बघत पडले होते बिचारे. मी खुर्ची जवळ घेतली. मला हसूही येत होतं आणि दयाही. मी त्यांना म्हटलं, "साहेब, तुम्ही एकदा उचललंत. ती मुलगी मला रोज किती वेळा उचलायची, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना. त्या दिवशी ती 'थांबा' म्हणाली होती. मीच घंटा वाजवून वाजवून तिला घाई केली, आणि दुसरीचा हात नको म्हटलं. बैठकीत हे मी सांगणार आहे. दुसरीला खाली कोणी पाठवलं, ते तुम्ही सांगाल का?"

त्यांनी माझी उशी ओढून कमरेखाली घेतली. मग म्हणाले, "मी तीन वेळा माणसं मागितली होती हो. मग मागणंच सोडून दिलं." मी म्हटलं, "मग चौथ्यांदा मागा. आता तुमच्याकडे पाठ आहे दाखवायला."

तेव्हापासून ते मलम चोळून हिंडताहेत. अत्तराचा वास पार हरला. संप संध्याकाळी मिटला, कारण त्यांनी बाहेरून चार दिवसांसाठी आणखी दोघींना बोलावलं. बैठक परवा आहे.

आता तुमची युक्ती. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पलंगावर एक गुळगुळीत, निसरड्या कापडाची चादर घालायची. माणसाला उचलायचं नाही, चादरीवरून सरकवायचं. आणि खुर्चीत बसवताना पलंग आणि खुर्ची एका उंचीला आणायची. आपण वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. टाचणींनी तुमच्यासाठी तशी चादर शिवलीये, सोबत पाठवतेय. काठाला त्यांनी वेलबुट्टी काढलीये. मी म्हटलं, सरकणाऱ्या चादरीला नक्षी कशाला? तर म्हणाल्या, "महाराणी, विहिणीकडे कोरं कापड पाठवायचं का?"

तुमची,
रांगेत उभी असलेली विहीण


२५ मे

विहीणबाई,

पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आशीर्वादही दिला' इथे ह्यांचं तोंड पुरतं हसलं. दोन्ही बाजूंनी. मी आणि मुलानं पाहिलं. नंतर पुन्हा अर्धंच झालं, पण आम्ही पाहिलं.

चादर पोचली. पहिल्या दिवशी जोर जास्त लागला, हे भर्रकन पलीकडे गेले आणि उशीला जाऊन धडकले. लगेच म्हणाले, "पुन्हा." आता रोज सकाळी स्वतःच विचारतात, "घसरगुंडी कधी?" माझ्या कमरेनं बोलणं टाकलं होतं, ती आता कुरकुरण्यापर्यंत आलीये. हीही प्रगतीच.

टाचणीबाईंना सांगा, वेलबुट्टी फार सुरेख आहे. मुलगा म्हणतो, हिच्यावर काही सांडेल अशी भीती वाटते.

बैठकीचं काय झालं? मी हल्ली टपालवाल्याची वाट बघते, हे कोणाला सांगू नका.

तुमची विहीण


१० जून

विहीणबाई,

बैठकीत मी गेले. दोघी सेविकांनी खुर्ची ढकलली, नियमाप्रमाणे. विश्वस्त पाच. सगळे नीटनेटके आणि पाठीनं सरळ. मी जे केलं ते सांगितलं, काही न लपवता. घंटा सांगितली. "दुसरीचा हात नको" तेही सांगितलं. एक विश्वस्त म्हणाले, "पण आजी, नियम तिनं मोडला ना?" मी म्हटलं, "मोडला. पण पाळायचा कसा, हे मला दाखवा. इथे मी आहे, ही मुलगी एकटी आहे, आणि दुसरी खाली आहे. आता पाळा बघू."

तेव्हा व्यवस्थापक उठले. उठताना एक हात टेबलावर आणि एक कमरेवर. म्हणाले, "मी पाळून पाहिलाय. मला एक दिवसही जमलं नाही." आणि पुढे, कोणी न विचारता, तीन वेळा माणसं मागितली होती तेही त्यांनीच सांगितलं. विहीणबाई, त्या क्षणी मला त्यांचं अत्तरसुद्धा आवडलं असतं.

सगळं एकदम होत नाही. पण प्रत्येक मजल्यावर एकेक सेविका वाढली. तुमच्या-माझ्यासारख्या विहिणींनी आणखी एक हट्ट धरायला हवा होता म्हणा, रात्रीच्या दुसऱ्या सेविकेचा. तो आता मुख्याध्यापकांनी धरलाय, त्यांना सवय लागली आहे. यंत्राला नवी बॅटरी आली. सगळ्या सेविकांना डॉक्टरीणबाई ते चालवायला शिकवताहेत. खारूताईच्या नावावरची चूक पुसली, आणि घरी बसली होती त्या दिवसांचा पगारही मिळाला. पाठ बरी व्हायला वेळ लागेल. हातानं कोणालाही उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे.

काल ती परत कामावर आली. मी तो सहीचा कागद परत मागून फाडला आणि म्हटलं, "आण गं तुझं ते यंत्र."

तिनं यंत्रावरची चादर काढली, झोळी माझ्याखाली सरकवली. मला खरंच भीती वाटत होती. टाचणी कोपऱ्यातून म्हणाल्या, "महाराणींची पालखी निघाली." मी त्यांना काही सुनावणार होते, तेवढ्यात खारूताईनं बटण दाबलं आणि मी वर गेले. हळूहळू, गुरगुर आवाज करत. पाय लटकताहेत, पोट झोळीत, दिसायला अगदी इंजिन. खिडकीतून रस्त्यापलीकडचा बाक दिसला, तो इतके दिवस मला माहीतच नव्हता. कपाटाच्या वरची धूळ दिसली. ती मी ताबडतोब पुसून घेतली.

आणि एक गोष्ट झाली. ती फक्त तुम्हालाच कळेल.

ती मला हातानं उचलायची, तेव्हा माझं डोकं तिच्या खांद्यापलीकडे असायचं. मला समोरची भिंत दिसायची. इतके दिवस मी तिच्या अंगाखांद्यावर होते आणि उचलताना ती कशी दिसते, ते मला एकदाही दिसलं नव्हतं. आता ती माझ्यासमोर सरळ उभी होती, हातात बटण धरून. मी वर, ती खाली, आणि दोघी एकमेकींकडे तोंड करून. ती विचारत होती, "आजी, भीती वाटतेय का?"

आणि हसत होती, विहीणबाई. मला उचलत होती आणि हसत होती.

तुमची,
मुलाकडची विहीण